उघडून बघायची खोड

थोरलीला नवऱ्याच्या उजव्या हाताची भीती वाटायची. तो हात तिच्यावर कधी उगारला गेला नव्हता. तसं असतं तर तिनं त्याचा बंदोबस्त केव्हाच केला असता. तिची भीती निराळी होती. त्या हाताला झाकलेलं काही बघवत नसे. शेगडीवर पातेलं चढलं की तो झाकण उचलायचा. कुकरची वाफ पुरती जायच्या आत शिट्टीशी खेळायचा. शेजाऱ्याची गाडी बंद पडली तर काय झालं हे विचारायच्या आधी यानं बॉनेट वर केलेलं असायचं. "आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय कळणार कसं?" हे त्याचं पालुपद. धाकटी, म्हणजे त्याच्या भावाची बायको, त्याला पाठीमागे झाकणराव म्हणायची आणि तोंडावर भाऊजी.

खोड मुळात कामातली होती. त्याची उभी हयात कोळशाच्या प्लांटमध्ये बॉयलरवर गेली. तिथं भट्टीच्या दाराला बशीएवढी, जाड काच बसवलेली असे. तिला सगळे 'डोळा' म्हणत. पाळीवर आलेला माणूस आधी डोळ्याला डोळा लावायचा. आच पिवळी असेल तर ठीक, तांबूस असेल तर हवा कमी पडतेय, पांढरी असेल तर जास्त होतेय. काच काजळली तर दार बोटभर उघडून बघायचं. भिंतीवरचे काटे काय वाटेल ते दाखवोत, आच बघितल्याशिवाय कुणी सही करत नसे. ज्यानं न बघता सही केली त्याला वरिष्ठ म्हणत, घरी जा आणि बायकोला पाठव, ती निदान चुलीत बघेल तरी.

मग प्लांट बंद झाला. चिमणी उभी राहिली, धूर तेवढा गेला. वाळत घातलेले कपडे पांढरे राहू लागले, पोरांची खोकल्याची औषधं बंद झाली. राखेचं कौतुक कुणालाच नव्हतं. थोरलीचे सासरे खोकून खोकूनच गेले होते. पण धुराबरोबर बाकीचंही बरंच गेलं. प्लांटचा दवाखाना गेला. प्लांटचा आगीचा बंब होता, लाल, रोज सकाळी धुऊन पुसून ठेवलेला. तो भंगारात निघाला. तो ओढून नेला त्या दिवशी कॉलनीतली माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती. आता आग लागली तर बंब नदीपलीकडच्या शहरातून यायचा, आणि शहरातून यायचं म्हणजे वरातीमागून घोडं.

कोळशाच्या ढिगांच्या जागी सौर पट्ट्या आल्या. नजर पोचेल तिथवर काळ्या काचा उन्हाकडे तोंड करून बसल्या. त्यांच्या मधोमध तारेच्या कुंपणात बॅटऱ्यांचं यार्ड होतं. ट्रकच्या डब्याएवढ्या पांढऱ्या लोखंडी पेट्या ओळीत मांडलेल्या, प्रत्येकीवर मोठा आकडा. दिवसभराचं ऊन त्यांत साठवायचं आणि संध्याकाळी शहराला पाठवायचं, असा एकूण कारभार. पेट्यांचे पंखे सतत घुमायचे. जुन्या माणसांपैकी थोड्यांना इथं घेतलं, तेही ठेकेदारामार्फत. थोरलीच्या नवऱ्याला आणि धाकट्या दिराला यार्डाची देखरेख मिळाली, दोघी जावांना पट्ट्यांखालचं गवत कापायचं काम. देखरेखीच्या नोकरीवर क्वार्टर टिकून होतं. नोकरी गेली की क्वार्टरही जाणार, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

प्रशिक्षण झालं, नाही असं नाही. ठेकेदारानं एका सकाळी जुन्या कँटीनमध्ये पडदा लावला. नेमके देखरेखीचे लोक तेव्हा पाळीवर होते आणि पाळी सोडायची सोय नव्हती. फोटोत खुर्च्या भरलेल्या दिसायला हव्यात म्हणून गवत कापणाऱ्या बायकांना आणून बसवलं. जखम मांडीला, मलम शेंडीला. पडद्यावरचं बोलणं कुठल्या मुलखातलं होतं कोण जाणे, एकीलाही कळलं नाही. चित्र मात्र सगळ्यांना कळलं. एका पेटीतून पांढरा वाफारा निघत होता. एक माणूस आला, त्यानं दार उघडलं, आणि पडदा पांढरा झाला. पुन्हा रंग दिसू लागले तेव्हा दार नव्हतं आणि माणूसही नव्हता. मग दारावर फुली मारलेली दाखवली, आणि लाल बटण दाबून पळणारी माणसं. बायकांना बिस्किटांचे पुडे मिळाले आणि फोटो निघाला.

त्या दिवशी थोरली घरी आली ती बिस्किटाचा पुडा तसाच घेऊन.

"त्या पेटीचं दार कधी उघडायचं नाही," तिनं नवऱ्याला सांगितलं. "वाफ दिसली, वास आला, तर बटण दाबायचं आणि पळायचं. माणूस उडाला त्यात."

"व्हिडिओत काय, माणसं पंख नसताना उडतात."

"मी डोळ्यांनी बघितलं."

"मग? मीही डोळ्यांनी बघूनच ठरवीन की." तो हसला. त्यानं पुडा फोडून आतली बिस्किटं मोजल्यासारखी बघितली आणि एक तोंडात टाकलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर तिनं मनाला समजावलं असतं. पण थोड्या दिवसांनी, दुपारचा डबा द्यायला गेली असताना, तिनं कुंपणाबाहेरून बघितलं. नवरा तीन नंबरच्या पेटीपाशी उभा होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, किल्ली लावली, दार बोटभर उघडलं आणि फटीला डोळा लावला. मग दार लावून पुढच्या पेटीकडे गेला. तिनं जाब विचारला तेव्हा तो ओशाळला, पण कबूल झाला.

"अगं, कसली ही कामं. आवाज एकसारखा, वास नाही, उजेड नाही. आत म्हणे गावभराची वीज कोंडलीय आणि बाहेरून नुसता पांढरा पत्रा. मी कशाच्या जोरावर सांगू, सगळं ठीक आहे म्हणून? भीती वाटते मला. बघितलं की जरा बरं वाटतं."

"आणि काही झालं म्हणजे?"

"इतक्यांदा उघडलं, काय झालं?"

त्याचंही बरोबर होतं; काही झालं नव्हतं. तिला भीती वाटायची ती त्याचीच. विषाची परीक्षा एकदा पचली की माणूस पुन्हा घोट घेतो. त्यालाही भीती होती, तिलाही होती. त्याच्या भीतीवरचा इलाज हीच तिची भीती होती, आणि हे त्याला कसं समजवावं ते तिला सुचत नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं लोक सहज बोलून जातात. ती म्हण आता तिला ऐकवत नसे.

त्यात दिराचं प्रकरण झालं. एका वादळी दुपारी धुळीनं कुठल्याशा पेटीवरचा धोक्याचा दिवा पेटला. दिरानं कसलाही विचार न करता देखरेखीच्या खोलीतलं लाल बटण दाबलं. भोंगा वाजला, अख्खं यार्ड बंद पडलं, शहरातल्या कुठल्या कुठल्या गल्ल्या अंधारात गेल्या. तपासात निघाली नुसती धूळ. कंपनीनं ठेकेदाराला दंड केला, ठेकेदारानं दिराला घरी बसवलं. धाकटी, दीर आणि पोरं बाडबिस्तरा घेऊन थोरलीच्या क्वार्टरात राहायला आली. एका खोलीत दोन संसार. ठेकेदारानं उरलेल्यांना बजावलं, "आधी खात्री करायची, मग बटण. ज्याला खात्री करता येत नाही त्यानं भाजी विकावी."

खात्री कशी करायची, हे त्यानं सांगितलं नाही. बॉयलरवाल्याला ते कुणी सांगायची गरजही नव्हती.

ती दुपार गरम होती. वारा भट्टीतून आल्यासारखा लागत होता. दोघी जावा पाच नंबरच्या पेटीजवळच्या रांगेत गवत कापत होत्या. बाकीच्या बायका लांब, पट्ट्यांच्या पलीकडे. धाकटीचं तोंड विळ्यापेक्षा जोरात चालायचं.

"ताई, काल रात्री भाऊजींनी पाण्याच्या माठाचंही झाकण उघडून बघितलं. म्हटलं, भाऊजी, पाणी पळून गेलं नाही ना?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आहे. म्हटलं, मग सही करा."

थोरली हसली, आणि हसतानाच तिला वास आला. गोडसर वास. नखांचा रंग काढायच्या औषधाचा येतो तसा, घशाला चाटून जाणारा. तिनं मान वर केली. मग तिला कळलं की काहीतरी कमी आहे. पंखे घुमत होते, पण शेजारचा, पाचचा, घुमत नव्हता. कानाला सवय झालेला आवाज एका बाजूनं गळून पडला होता. त्या शांततेत पत्र्याच्या आत काहीतरी पट्‌ झालं. थोडं थांबून पुन्हा पट्‌. कोरडी शेंग तडकावी तसं.

"मेला उंदीर शिरला वाटतं," धाकटी म्हणाली.

दाराच्या खालच्या फटीतून पांढरा वाफारा निघाला. तो वर गेला नाही. गवतावर पसरला आणि दुधासारखा सांडत चालला.

पडद्यावरचा वाफारा हाच. थोरली गुडघ्यांवर तशीच राहिली आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. सांगायला हवं. सांगायचं कुणाला, तर देखरेखीच्या खोलीत बसलेल्या माणसाला. आणि त्या माणसाला सांगितलं की तो किल्ल्या घेऊन येणार आणि दार उघडणार. लाल बटण त्याच खोलीत, त्याच्या खुर्चीच्या मागे. सांगितलं तरी मरण, न सांगितलं तरी मरण. आपणच गुपचूप जाऊन बटण दाबावं, काहीतरी निमित्त काढून त्याला बाहेर पाठवावं, असा विचार ती करत होती. तेवढ्यात धाकटी उठून उभी राहिली आणि तिनं तोंडाभोवती हात धरले.

"भाऊजी! पाचातून वास येतोय!"

"गप्प बस," थोरली म्हणाली, पण शब्द गेला होता.

खोलीचं दार उघडलं. नवरा बाहेर आला, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून त्यानं बघितलं आणि आत परत गेला. थोरलीला क्षणभर वाटलं, बटण दाबायला गेला. तो बाहेर आला तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन.

ती उठली आणि मधल्या वाटेवर आडवी उभी राहिली.

"तिकडे जायचं नाही."

"अगं, बाजूला हो."

"बटण दाबा आधी. मी पाया पडते."

"आणि धूळ निघाली म्हणजे? एका खोलीत आपण इतकी माणसं आहोत, ती कुठं घेऊन जाऊ? चिमणीत?" त्याचा आवाज चढला नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तो उन्हाचा नव्हता हे तिला कळत होतं. "वास येतोय म्हणजे काहीतरी जळतंय. काय जळतंय ते बघू दे. एखादी वायर असेल तर बंद करून टाकतो, कुणाला कळायचंही नाही."

"धूळ नाही ही. वाफ आहे. मी तीच बघितली होती."

त्यानं खिशातून फोन काढला आणि ठेकेदाराला लावला. चालता चालताच बोलला, फोन स्पीकरवर. ती त्याच्या बाजूनं मागं मागं सरत चालत होती, उजव्या हातात विळा तसाच.

"साहेब, पाचातून वास येतोय. वाफारा दिसतोय. बटण दाबू का?"

पलीकडे गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. "काका, मागच्या वेळचं विसरलात काय? धूर आहे की वाफ?"

"वाफ वाटतीय."

"वाटतीय म्हणजे? नीट बघा ना जाऊन. बघा, खात्री करा, मला सांगा. मग ठरवू. वर काय तोंड दाखवू मी, वाटतंय म्हणून?" फोन बंद झाला.

"ऐकलंस?" नवरा म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं. भीती त्याला होतीच. आता वर हुकूमही आला होता.

पेटी जवळ आली तसा वास घशात उतरला. आतला तडतडाट आता थांबत नव्हता. पत्र्याचा पांढरा रंग एका जागी पिवळा पडत चालला होता. थोरली बोलत राहिली. थांबली तर त्याच्या हाताला वाट मोकळी होईल, असं तिला वाटत होतं.

"तुम्ही पोरांना सांगता ना, बॉयलरमधलं पाणी आटलं तर काय करायचं? काचेत पाणी दिसेनासं झालं तर?"

"त्याचं इथं काय?"

"काय करायचं? सांगा की."

"भट्टीतली आच ओढून काढायची आणि बाहेर पळायचं," तो चालता चालता म्हणाला. लहानपणी पाठ केलेलं कुणी मध्येच विचारावं आणि तोंडातून आपोआप यावं तसं.

"आणि पाणी सोडलं तर?"

"तापल्या लोखंडावर पाणी? फुटेल. सगळ्यांना घेऊन जाईल."

"मग हेही तसंच. हवा लागली की फुटेल."

तो थांबला. एवढंच की थांबला. तिला वाटलं, पोचलं. मग त्यानं मान हलवली.

"ती गोष्ट वेगळी. तिथं मला माहीत होतं आत काय आहे."

"इथं माहीत नाही, म्हणून तर म्हणते."

"म्हणून तर बघायचंय. पूर्ण नाही उघडत. बोटभर. डोळ्यापुरतं." त्यानं किल्ली निवडली. जुडग्यातली बरोबर किल्ली त्याला न बघता सापडली, इतकी सवय होती. "तू लांब जा. काही झालंच तर..."

किल्ली कुलपात गेली. त्याचा उजवा हात दाराच्या दांड्यावर आला. इतकी वर्षं भट्टीच्या दारावर, पातेल्याच्या झाकणावर, डब्याच्या टोपणावर असायचा तसाच, बोटं पसरून, हलकेच.

थोरलीनं विळा उलटा केला आणि त्याच्या पाठीनं, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून, त्या हाताच्या मनगटावर मारला.

हाड मोडल्याचा आवाज तिला आतल्या तडतडाटातही वेगळा ऐकू आला. तो ओरडला आणि वाकला. तिनं विळा टाकला, त्याच्या शर्टाची कॉलर मागून धरली आणि त्याला ओढत सुटली.

"बटण दाब!" ती धाकटीला ओरडली.

धाकटी खोलीच्या दारात उभी होती, तोंडावर हात ठेवून. "मी? ताई, परत आमच्याच घरानं?"

"दाब म्हणते ना!"

धाकटी आत गेली. भोंगा वाजला. सगळ्या पेट्यांचे पंखे उतरत उतरत गप्प झाले. पट्ट्यांच्या पलीकडच्या बायका उठून फाटकाकडे पळू लागल्या. त्यांनाही पडदा आठवत होता. नवरा मोडका हात छातीशी धरून थोरलीच्या बरोबरीनं पळत होता आणि पळता पळता शिव्या देत होता. तिला, ठेकेदाराला, पेटीला, आणि ज्यानं विळा शोधून काढला त्याला.

ते फाटकाबाहेरच्या रस्त्यावर पोचले असतील नसतील, तोच पाचाचं दार गेलं. कुणी उघडलं नाही; आपलं आपण गेलं. आवाज कानांनी ऐकण्याआधी छातीत लागला. दाराचा पत्रा वाटेवरून गडगडत गेला आणि खोलीबाहेरच्या, दिराच्या रिकाम्या खुर्चीला आडवं करून देखरेखीच्या खोलीच्या भिंतीवर आदळला. त्यामागून ज्वाळा आली. ती आडवी बाहेर पडली, दांड्यासमोर माणूस उभा राहतो नेमक्या त्या जागेवरून.

"धाकटी," थोरली म्हणाली. "धाकटी कुठंय?"

"इथंच आहे मी," धाकटी मागून म्हणाली. ती रस्त्यावर बसली होती आणि तिचे दात वाजत होते. "बटण दाबलं आणि मागच्या खिडकीतून उडी मारली. दारातून यायचं मला सुचलंच नाही."

नवरा शिव्या द्यायचा थांबला होता. तो ज्वाळेकडे बघत होता. बॉयलरवाल्याच्या नजरेनं, रंग ओळखायला बघत असावा. मग रस्त्याच्या कडेला वाकला आणि त्याला उलटी झाली.

बंब आला तेव्हा ऊन उतरलं होतं. तोवर शेजारची पेटीही पेटली होती. काळा धूर सरळ वर चढत होता आणि त्याच्या मागे बंद प्लांटची चिमणी कोरडी उभी होती. कॉलनीतली माणसं गच्चीवरून वाळत घातलेले कपडे गोळा करत होती. बंबवाल्यांनी लांबूनच बघितलं. जळून संपू देण्याखेरीज दुसरा उपाय नाही, असं त्यांचा प्रमुख म्हणाला, आणि कुणालाही कुंपणाच्या जवळ जाऊ दिलं नाही.

ठेकेदार गाडीतून उतरला. त्यानं आधी धुराकडे, मग नवऱ्याच्या हाताकडे बघितलं.

"हात कशानं मोडला?"

"बायकोनं मोडला," नवरा म्हणाला.

भोवतीची माणसं हसली. भ्यालेल्या माणसांना हसायला काहीही पुरतं. ठेकेदार हसला नाही.

"मी दार उघडा असं म्हटलेलं नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी म्हटलं, बघा. बाहेरूनही बघता येतं."

थोरलीला तेव्हा राग यायला हवा होता. पण तिला फक्त थंडी वाजत होती, त्या उकाड्यात. दांड्यावरची ती पसरलेली बोटं तिला पुन्हा पुन्हा दिसत होती.

शहरातून हात बांधून घेऊन घरी आल्यावर तिनं शेगडी पेटवली, कारण पोरांना खायला हवं होतं. पातेलं चढवलं, झाकण ठेवलं. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. झाकण वाफेनं वाजायला लागलं. त्याचा डावा हात पुढे झाला आणि अर्ध्यात थांबला.

"आत काय आहे?" त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता. तिनं सांगितलं. त्यानं मान डोलावली. झाकण वाजतच राहिलं. दोघंही त्याच्याकडे बघत उभी राहिली, कुणीच पुढं होईना. शेवटी धाकटीनं आत येऊन शेगडी बंद केली आणि म्हणाली, "जळून कोळसा होईल सगळ्याचा. काय बघत बसलाय दोघं?"

त्यानंतर यार्ड काही दिवस बंद राहिलं. जळक्या पेट्या ताडपत्रीखाली झाकल्या. थोरलीच्या नवऱ्यालाही घरी बसवलं; क्वार्टर आज ना उद्या सोडावं लागणार होतं. बाकीच्या पुन्हा घुमायला लागणार असं कळलं तेव्हा बायका फाटकावर जमल्या. बोलायला पुढं झाली धाकटी.

"आधी बंब, मग विळा," तिनं ठेकेदाराला सांगितलं. "बंब इथं उभा राहू दे, आमच्या प्लांटचा होता तसा. आणि जे चित्र आम्हाला दाखवलंत ते ज्यांच्या हातात किल्ल्या आहेत त्यांना दाखवा, आम्हाला कळेल अशा भाषेत."

"बंब माझ्या हातात नाही," ठेकेदार म्हणाला, आणि ते बहुधा खरंच होतं. "काम माझ्या हातात आहे. ज्यांना करायचंय ते आत या. नाहीतर माणसं पुष्कळ आहेत."

माणसं होतीच. फाटकाच्या दुसऱ्या बाजूला, सावलीत, ती आधीपासून बसली होती. प्लांटमधलेच, कोळसा उतरवणारे, बंद झाल्यापासून घरी असलेले. त्यांतला एक उठला. थोरलीनं त्याला ओळखलं. एका पाळीत तो तिच्या नवऱ्याला चहा आणून द्यायचा. ठेकेदारानं त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. तोच जुडगा होता. तिच्या नवऱ्याच्या बोटांनी घासून गुळगुळीत झालेला.

थोरली त्याच्यासमोर गेली.

"दार उघडू नका. वास आला, वाफ दिसली, काहीही झालं तरी. बटण दाबा आणि पळा."

तो माणूस अवघडला. त्याच्या मागं त्याचंही घर असणार. "वहिनी, बटण दाबून खोटं निघालं तर मलाही घरी बसवतील. आणि आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय कळणार कसं?"

शब्द न् शब्द तोच. थोरलीनं मागं वळून बघितलं. नवरा फाटकाच्या खांबाला टेकून उभा होता. तो पुढे आला आणि प्लास्टर घातलेला हात त्यानं त्या माणसाच्या नाकासमोर धरला.

"हे बघ."

"ऐकलंय मी, दादा. वहिनींनी मारलं म्हणे."

"म्हणून वाचलो. माझी बायको शेजारी गवत कापत होती. तुझी कुठं आहे?"

त्या माणसाची बायको नदीपलीकडे, शहरात, कुणाच्या तरी घरी धुणीभांडी करत होती. हे फाटकावरच्या सगळ्यांना माहीत होतं. तो जुडग्याकडे बघत राहिला.

"मी बसतो इथं," नवरा म्हणाला. त्यानं फाटकाबाहेरचा एक दगड पायानं ओढला, कुंपणाला लागून, जिथून पेट्यांच्या ओळी दिसत होत्या. "नोकरी नाही, कुणी मला उठवू शकत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. तू आत राहा. किल्ली हातात घेतलीस की मी हाक मारीन."

"आणि तुम्ही घरी गेल्यावर?"

नवरा दगडावर बसला.

तो माणूस आत गेला. त्याच्या मागोमाग फाटक लागलं. मग एकेक करून पेट्यांचे पंखे सुरू झाले आणि घुमणारा आवाज रस्त्यापर्यंत आला. थोरली नवऱ्याशेजारी जमिनीवर बसली. बाकीच्या बायकाही हळूहळू बसल्या. ती त्या आवाजात एकेक पंखा वेगळा काढून ऐकत होती, आणि एखादा गप्प होईल या भीतीनं श्वासही बेताचा घेत होती.